आरोग्य ‘तुमच्या’ हाती की ‘आपल्या’ हाती?



सोलापूरच्या विडी घरकुलात राहणाऱ्या एका बाईची हकिगत आधी सांगते. तिचं नाव सांगत नाही. वस्तीत तिला सगळेच अक्का म्हणतात. वय बावन्न. अकरा-बारा वर्षांची असल्यापासून विड्या वळते. घरात तेलुगू बोलते, बाजारात मराठी. लिहिता-वाचता दोन्ही येत नाही. अडीच वर्षांपूर्वी वस्तीत मधुमेह तपासणीचं शिबिर झालं. बायकांना घरोघर जाऊन बोलावण्याचं काम आमच्या गटानंच केलं होतं. अक्कांची साखर खूपच वाढलेली निघाली. गोळ्या लिहून मिळाल्या आणि शिबिरात आलेल्या दोन तरुण मुलांनी अक्कांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. “आता काळजी करू नका मावशी. गोळीची आठवण हे करून देईल. साखर किती, काय खाल्लं, किती चाललात, सगळं यात भरायचं. तुमचं आरोग्य आता तुमच्या हाती!” मुलं मनापासून बोलत होती. मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. त्या तिमाहीच्या अहवालात किती बायकांची अ‍ॅपवर नोंदणी झाली तो आकडा मी स्वतः लिहिला होता, हे आधीच कबूल करते.

मोबाइल मुलाचा. मुलगा यंत्रमागावर कामाला. सकाळी आठला आणि रात्री आठला गोळीची आठवण यायची ती त्याच्या खिशात. मागांच्या खडखडाटात ती ऐकूही यायची नाही. नजरेला पडली की तो ‘घेतली’ असं बटण दाबून मोकळा व्हायचा, कारण दाबलं नाही तर फोन पुन्हा पुन्हा वाजायचा. यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. आई घरी गोळी घेतच असेल असं त्यानं धरलं होतं.

सात महिन्यांनी अक्कांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. पायांना बधिरपणा आलेला, त्यामुळे लवकर कळलीच नाही. कळली तेव्हा चिघळली होती. इस्पितळात शिकाऊ डॉक्टरांनी मुलाच्या फोनवरची नोंद पाहिली. सात महिन्यांत एकही गोळी चुकली नव्हती. ओळीनं हिरव्या खुणा. प्रत्यक्षात गोळ्या तीन महिन्यांपूर्वीच संपल्या होत्या. दवाखान्यात ‘पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलं गेलं. अक्कांनी दोन खेपा घातल्या, दोन दिवसांची विडी बुडाली, तिसरी खेप त्यांनी घातली नाही. शेवटी अंगठा काढावा लागला.

नंतर एकदा तो फोन हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसले. आठवणीखाली दोनच बटणं होती. ‘घेतली’ आणि ‘नंतर आठवण करा’. गोळ्या संपल्या, दवाखान्यात मिळाल्या नाहीत, आज पैसे नव्हते, हे सांगायला तिथे जागाच नव्हती.

फोन कुणाचा, वेळ कुणाचा?

रुग्णाला स्वतःची काळजी स्वतः घेता यावी म्हणून आता पुष्कळ अ‍ॅप निघाली आहेत. मधुमेहाची, रक्तदाबाची, पाळीची, गरोदरपणाची, मनाच्या आजारांची. त्यांचा उपयोग होतो अशा बायका मला माहीत आहेत. शिकलेल्या, स्वतःचा फोन असलेल्या, महिन्याच्या गोळ्या एकदम विकत घेऊ शकणाऱ्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण या अ‍ॅपमध्ये जो ‘रुग्ण’ गृहीत धरलेला असतो त्याच्याकडे एकदा नीट बघू या. त्याच्याकडे स्वतःचा फोन असतो. त्याला वाचता येतं. जेवणात काय असावं हे तो स्वतः ठरवतो. चालायला जायला त्याला सवड असते. आणि त्याच्या फोनमध्ये दुसरं कुणी डोकावत नाही. आपल्या वस्त्यांतल्या किती बायका या वर्णनात बसतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. तिच्यानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के जणींकडे त्या स्वतः वापरतात असा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले असतील. पण अक्का बावन्न वर्षांच्या आहेत, म्हणजे त्या या मोजणीतच येत नाहीत. आणि मधुमेह, रक्तदाब हे तर जास्त करून त्याच वयाचे आजार.

अक्कांच्या अ‍ॅपमध्ये ‘आज काय खाल्लं?’ याची यादी होती. ओट्स होते, सॅलड होतं, ब्राऊन ब्रेड होता. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी नव्हती. सोलापुरात बसून सोलापूरचं जेवण त्यात सापडेना. ‘तुम्ही फार वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला’ असंही ते अ‍ॅप सांगायचं. विडी कामगार बाई मांडीवर सूप घेऊन सात-आठ तास बसते, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते. ती उठली की हात थांबतो आणि हात थांबला की मजुरी थांबते. ती आळशी आहे म्हणून बसलेली नाही. मजुरीचा दर तिला बसवतो. तो दर कोणत्याही अ‍ॅपमध्ये भरता येत नाही.

आपल्या राज्यात हा अनुभव यापूर्वीही एकदा आला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट, वारंवार बंद पडणारे आणि ज्यात माहिती भरायची ते पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. बाळांची वजनं घेणाऱ्या, रोज आहार वाटणाऱ्या या बायका. त्यांना यंत्राची भीती नव्हती. काम त्यांचं, भाषा दुसऱ्याची आणि दोष मात्र त्यांच्या माथी, याला त्यांचा विरोध होता.

खासगी गोष्ट खासगी राहते का?

दुसरा अनुभव एका लहान वयाच्या सुनेचा. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती कामाला जाते. गरोदर राहिली तेव्हा नवऱ्यानं सासूच्या फोनवर गरोदरपणाचं अ‍ॅप घेतलं, कारण घरात मोठ्या पडद्याचा फोन तेवढाच होता. चौथ्या महिन्यात तिचा गर्भपात झाला. पण फोनला ते कोण सांगणार? दर आठवड्याला बातमी येत राहिली: आज बाळ एवढं झालं, आज बाळाला आवाज ऐकू येऊ लागला. सासू ती मोठ्यानं वाचून घ्यायची आणि मग सुनेकडे बघायची. ते बंद कसं करायचं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे ती आली ती एवढ्याचसाठी, ‘ताई, ते थांबवून द्या.’

पाळीची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपचंही असंच आहे. पाळीची तारीख बाईला स्वतःसाठी हवी असते. पण फोन तपासणाऱ्या नवऱ्याच्या हातात तीच तारीख पडली की तो हिशेब मागतो. आणि प्रश्न घरापुरता नाही. अमेरिकेत ‘फ्लो’ नावाचं पाळीचं अ‍ॅप आहे, जगभर लाखो बायका ते वापरतात. माहिती खासगी ठेवण्याचं वचन देऊनही बायकांच्या पाळीची आणि गरोदरपणाची माहिती फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांना पुरवली, असा आरोप तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं या कंपनीवर ठेवला आणि २०२१ साली तिच्याशी तडजोड करून अटी घातल्या. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा अनेक बायकांनी घाबरून असली अ‍ॅप फोनमधून पुसून टाकली. काल सोय म्हणून भरलेली माहिती उद्या पुरावा म्हणून वापरली जाईल, ही ती भीती होती.

आपल्याकडे गर्भपात कायदेशीर आहे. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव डॉक्टरनं कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही सांगितलं, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे कलम आपल्या चळवळीच्या दृष्टीनं मोठं आहे. पण ते डॉक्टरला बांधतं. तीच गोष्ट बाईनं स्वतः अ‍ॅपमध्ये भरली तर ते कलम तिच्या मदतीला येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. संमती घेणं, संमती मागे घेता येणं, माहिती पुसून मागता येणं, या गोष्टी त्यात आहेत. पण अक्कांची संमती कोणी घेतली होती? मुलाच्या फोनवर, इंग्रजी मजकुराखाली, शिबिरातल्या मुलानं स्वतःच ‘मान्य’ हे बटण दाबलं होतं.

एका शब्दाचा फरक

या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचतं ते वाक्य म्हणजे ‘तुमचं आरोग्य तुमच्या हाती’. हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? आपलंच आहे ते. फक्त आपण म्हणत होतो, ‘आपलं आरोग्य आपल्या हाती’.

त्यामागे काय होतं ते नव्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांमधला अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. ६५० बायका तपासल्या होत्या. ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावरून पाणी जातं, ओटीपोटात दुखतं, हे दुखणं बाई गप्प राहून अंगावर काढत होती. त्याच काळात राज्यभर शिबिरं झाली. बायका गोलात बसून पहिल्यांदा आपल्या शरीराबद्दल बोलल्या. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं असं नव्हतं की नवं काहीच नको. त्यांचा प्रश्न होता की याची दोरी कुणाच्या हाती? बाईला ते नकोसं झालं तर ती ते थांबवू शकते का? तिला त्रास झाला तर जबाबदार कोण? अ‍ॅपलाही आज हेच प्रश्न विचारायला हवेत.

‘आपल्या हाती’ म्हणताना त्यात आपण सगळ्याजणी होतो. ज्ञान एकमेकींना द्यायचं आणि त्या ज्ञानाच्या जोरावर दवाखान्याकडून, सरकारकडून आपला हक्क मागायचा. ‘तुमच्या हाती’ म्हटलं की बाई एकटी उरते. साखर वाढली? तुम्ही चालला नाहीत. गोळी चुकली? आम्ही आठवण केली होती. २०२० च्या सप्टेंबरात, करोनाच्या काळात, राज्य सरकारनं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली होती. हेतू चांगलाच होता. पण घराघरांत त्यातला ‘माझी’ म्हणजे कोण, हे कुणाला सांगावं लागलं नाही. ताप बघायचा, काढा करायचा, आजाऱ्याची खोली वेगळी ठेवायची, सगळं बाईनंच केलं. आता स्वतःच्या आजाराची कारकुनीही तिनंच करायची.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला व्यक्तीसोबतचं काम वेगळं आणि समुदायासोबतचं काम वेगळं शिकवलं जातं. वस्तीत आल्यावर मला कळलं की एका बाईच्या पायाची जखम ही दवाखान्याच्या गोळ्यांच्या साठ्याशी जोडलेली असते, आणि तिच्या खेपा तिच्या मजुरीशी. अ‍ॅपला फक्त व्यक्ती दिसते.

आठवण कुणाला करून द्यायची?

मग हे तंत्र नकोच का? तसं मी म्हणणार नाही. दोन उदाहरणं देते.

२०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यात सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हे त्यात होते. त्यात ‘सिम्पल’ नावाचं अ‍ॅप आहे, पण ते रुग्णाच्या नव्हे, नर्सच्या हातात. रुग्णाकडे खूण छापलेलं एक साधं कार्ड. नर्स ते फोनसमोर धरते, रक्तदाब नोंदवते. ठरल्या दिवशी कोण आलं नाही याची यादी अ‍ॅप नर्सला दाखवतं आणि ती त्या माणसाला फोन करते. इथे आठवण व्यवस्थेला करून दिली जाते. रुग्ण का आला नाही हे विचारायला पलीकडे जिवंत माणूस असतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरं उदाहरण ‘किलकारी’चं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली ही केंद्र सरकारची फुकट सेवा. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश साध्या फोनवरही येतात. वाचता येण्याची अट नाही, मोठा फोन नको. पण तिथेही नोंदवलेला नंबर नवऱ्याचा असेल तर फोन त्यालाच जातो. मग आम्ही गटात ठरवलं की ज्या घरात फोन येतो तिथे तो सासू, सून, नवरा सगळ्यांनी मिळून ऐकायचा. काही घरांत हे जमलं, काही घरांत नाही.

आणि आता अक्कांबद्दल. अंगठा गेल्यावर त्यांच्या गल्लीतल्या सात बायका जमल्या. सातहीजणींना साखर. भिशी चालवायची सवय होतीच. तशीच भिशी काढून त्यांनी साखर तपासायचं एक यंत्र आणि पट्ट्या आणल्या. दर गुरुवारी संध्याकाळी एकीच्या ओट्यावर बसतात. टोचायची सुई दर वेळी प्रत्येकीची नवी, हा नियम. एका वहीत चित्रांच्या खुणा करून सगळं लिहिलं जातं. गोळी घेतली, गोळी नव्हती, पायाला जखम आहे का. हो, एकमेकींचे पाय बघतात. अकरावीत शिकणारी एकीची मुलगी, ज्यांची परवानगी आहे त्यांचे आकडे आपल्या फोनवरच्या अ‍ॅपमध्येही भरते, म्हणजे गेल्या महिन्यांचा आलेख डॉक्टरांना एका नजरेत दिसतो. एकीनं सांगितलं, माझं फोनमध्ये नको. तिचं फक्त वहीत असतं. कुणी तिला का म्हणून विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात चौघींच्या नावापुढे ‘गोळी नव्हती’ची खूण आली. एकटी असती तर प्रत्येकीनं दोन खेपा घालून नशिबाला दोष दिला असता. सातहीजणी वही घेऊन एकत्र दवाखान्यात गेल्या. मीही होते, पण बोलल्या त्याच. आठ-दहा दिवसांनी गोळ्या आल्या. फार मोठी क्रांती झाली असं नाही. अक्का अजून सात-आठ तास बसूनच विडी वळतात. पट्ट्या महाग आहेत, भिशी कधी तरी अडते. पण अ‍ॅपच्या त्या हिरव्या खुणांनी जे लपवलं होतं ते या वहीनं उघड केलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या वस्तीत, गावात अ‍ॅप घेऊन कुणी आलं तर त्याला परत पाठवू नका आणि मी केलं तसं नुसती नोंदणीही करून देऊ नका. आधी बायकांसमोर बसवून त्याला हे विचारा:

फोन कुणाचा असेल असं तुम्ही धरलं आहे?

ज्या बाईला वाचता येत नाही तिला हे तिच्या भाषेत ऐकू येतं का? सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळंच हवं.

‘गोळी मिळाली नाही’ हे सांगायचं बटण आहे का, आणि ते दाबलं तर कुणाला कळतं? कोण येतं?

माहिती कुठे जाते, ती कोण विकत घेऊ शकतो, आणि बाईनं सांगितल्यावर ती पुसली जाते का?

याच्या नावाखाली आमची नर्स, आमच्या आशाताई, आमचा दवाखाना कमी होणार नाही ना?

यातल्या शेवटच्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर आलं तर सावध व्हा. स्वतःची काळजी घ्यायला बाई नेहमीच तयार असते. तिला हवी असते ती त्यासाठी लागणारी गोळी, वेळ, मजुरी आणि सोबत. ती मागण्याचा हक्क कुठल्याही अ‍ॅपवर सोडून देता येणार नाही.

तुमच्या गावात, तुमच्या गटात काय अनुभव आहेत? फोन परत केलेल्या अंगणवाडीताईंनी, आशाताईंनी, आणि अ‍ॅपचा खरोखर फायदा झालेल्या मैत्रिणींनीही जरूर लिहा. पुढच्या अंकात त्यावर सगळ्या मिळून बोलू. लिहिता येत नसेल तर कुणाकडून तरी लिहून घ्या. अक्कांनी त्यांच्या वहीतलं एक पान पाठवायचं कबूल केलं आहे.